डी. मनसाराम

डिंपल मेश्रामची दुरुस्ती तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा गडचिरोलीच्या बसस्टँडमागच्या नेट कॅफेत दोनच माणसं होती. ती आणि कॅफेचे मालक हरिदासभाऊ. उत्तर होतं पुण्याच्या परांजप्यांचं; आलेल्या दुरुस्त्या तपासणाऱ्यांपैकी ते एक. माणूस सभ्य, शब्द एकही कठोर नव्हता. 'प्रयत्न स्तुत्य आहे. हे कुणाच्या मार्गदर्शनाखाली केलंत? आधी सोप्या कामापासून, म्हणजे प्रोग्राममधल्या शब्दांच्या भाषांतरापासून सुरुवात करावी.'

दुरुस्ती चालते की नाही, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

डिंपल ढिवराची पोर. वडील मनसाराम गावच्या तलावात जाळं टाकायचे, आई भागीरथा डोक्यावर टोपलं घेऊन मासोळ्या विकायची. कॉम्प्युटरचा कोर्स करून डिंपल कॅफेत लोकांचे अर्ज टाइप करायला लागली, ते २००५ साल. टाइप करायचा प्रोग्राम होता 'बोरू'. तो फुकट होता आणि त्याचा आतला कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही दुरुस्ती पाठवावी, पुण्यातल्या तिघाचौघांनी ती तपासावी, पटली तर आत घ्यावी, अशी तिथली रीत. 'बोरू'त 'कर्मचाऱ्यांना' लिहिलं की 'कर्मचार्यांना' उमटायचं. कचेऱ्यांच्या गावात हा शब्द दर अर्जात! डिंपलनं कित्येक महिने तो कोड वाचला, चुकत चुकत शिकली आणि खोट कुठे आहे ते शोधून काढलं.

"भाऊ, काम चुकलं असन तर चुकलं म्हणाव ना," ती म्हणाली. "हे तर कामाच्या जागी मलेच तपासून राह्यले."

हरिदासभाऊ हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. ते बौद्ध घरातले. मुलाखतीत आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे त्यांनी तरुणपणी पुष्कळदा ऐकलं होतं.

"नाव झाक, बाई. तेच काम पाठव. काना-मात्रा बदलू नको."

तिनं नवा ईमेल काढला आणि नाव दिलं 'डी. मनसाराम'. दुरुस्तीसोबतचा खुलासा या वेळी आपल्या बोलीत न लिहिता इंग्रजीत लिहिला, पुस्तकातली वाक्यं जोडून. त्याच दिवशी उत्तर आलं, 'उत्तम काम, सर. आत घेतलं आहे. आपण हैदराबादचे का?'

पुढच्या रविवारी ती गावी गेली. मनसाराम जाळं सांधत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मायं नाव काऊन टाकलं? मले तर वाचताबी येत नाई. तुयं नाव कुठी हाये?"

"तिथी मायं नाव चालत नाई, बाबा."

"चालत नाई म्हंजे?"

"पुढच्या बारीनं टाकीन," एवढंच ती म्हणाली.

पुढची बारी आली नाही. डी. मनसारामचं काम वाढत गेलं. अडलं की लोक 'सरां'ना विचारू लागले. त्या पावसाळ्यात गावी तिच्या वडिलांना ताप चढला. नाल्याला पूर होता. बाजेवर घालून पलीकडे दवाखान्यात न्यायला चार माणसं मिळाली, पण पाणी उतरेना. ते उतरलं तेव्हा नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दिवसकार्य आटोपून डिंपल कामावर परतली. स्क्रीनवर परांजप्यांचा मजकूर वाट पाहत होता. 'मनसाराम सर, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. तब्येत बरी आहे ना?'

तिनं मराठीत लिहिलं आणि ते 'बोरू'च्या सगळ्या गटाला पाठवलं. 'मनसाराम वारले. ते माझे वडील होते. कोड त्यांनी कधी लिहिला नाही. तो मी लिहिला, डिंपल मेश्राम. माझ्या नावानं तुम्ही तीनदा परत केला, तोच.'

कुणी लिहिलं, ही फसवणूक आहे. कुणी म्हणालं, हिचं सगळं काम काढून टाका. तिचा प्रवेश बंद झाला. बाप गेल्याबद्दल एकानंही शब्द काढला नाही.

काही दिवसांनी कॅफेतला फोन वाजला. परांजपे होते.

"मी कधी कुणाची जात पाहिली नाही, मुलगा-मुलगी पाहिलं नाही. मी फक्त काम पाहतो हो."

"मग काम तर तेच होतं ना, सर."

मग ते म्हणाले, "नाव वाचून वाटलं, कुणीतरी हौशी मुलगी असेल. असं वाटलं होतं, हेसुद्धा मला आत्ता कळतंय."

"तुमी वाईट माणूस नाई, सर. म्हणूनच भेव वाटते. वाईट माणूस ओळखता तरी येते."

"काय करू, सांगा."

तिनं सांगितलं. तपासणाऱ्याला नाव दिसू नये. खुलासाही आधी दिसू नये, कारण बोलीवरूनही माणूस ओळखू येतो. आणि नाकारायचं तर कोडमध्ये काय चुकलं तेच लिहावं, कुणी शिकवलं ते विचारू नये.

गटात मोठं भांडण झालं, एक जण सोडून गेला, पण नियम लागू झाला. त्यानंतर परांजप्यांनी पूर्वी परत पाठवलेली कामं नावं झाकून दुसऱ्यांकडून तपासून घेतली. त्यांतली बरीच बरोबर निघाली. त्यांनी एकेकाला कळवलं. बहुतेकांचे पत्ते बंद पडले होते. सिरोंच्याच्या एकाचं तेवढं उत्तर आलं, की त्यानं कॉम्प्युटर केव्हाच विकून टाकला.

डिंपलचं नाव तिच्या कामावर लागलं. तपासणारी म्हणून तिला बोलावणंही आलं.

"मले आता कोणापुढं खरं ठरायचं नाई, सर," ती म्हणाली. परांजप्यांनी आग्रह केला, माफी मागितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

पुढे कॅफे बंद पडला. डिंपलला चंद्रपूरच्या एका कचेरीत ठेक्यावर ऑपरेटरचं काम मिळालं. आईला तिनं सोबत नेलं, पण कोळशाच्या धुळीत भागीरथाचा जीव रमेना. वर्षभरात ती गावी परतली आणि दुसऱ्यांनी धरलेल्या मासोळ्या विकू लागली. चंद्रपूरच्या त्या खोलीत डिंपल एकटीच राहिली. 'बोरू'त तिनं पुन्हा काही पाठवलं नाही.