बाबांनी खरवडलेलं टोक

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबांचं डावं अंग लुळं पडलं, म्हणून मी परदेशातल्या वेधशाळेतून दोन महिन्यांची रजा काढून आमच्या बेटावर, सांत्र द फ्लाक गावाजवळच्या घरी आले. आई नव्हती, मी एकुलती. दोनाचे सात महिने झाले. बाजारात भेटेल ती बाई म्हणायची, “आता कुठं जायाचं नाय हां, बाय.” जणू मी तिचा सल्ला मागायला गेले होते. घरात माझा जीव गुदमरायचा.

सोबत कागदाच्या गुंडाळ्या आणल्या होत्या. त्यांवर यंत्रानं शाईच्या रेघेत काढलेले जोडताऱ्यांचे अवरक्त वर्णपट होते. जोडीतला एक तारा म्हातारा, फुगलेला. दुसरा लहान आणि तापट, पहिल्याचा वायू ओढून घेणारा. हा लहान वेगळा दिसत नाही. त्यानं तापवलेल्या वायूमुळे रेघेत एक बारीक टोक वर येतं, तेवढीच त्याची खूण. ती टोकं मी इथं बसून मोजत होते. नवे वेध घेणं मात्र इथं अशक्य. आमच्या दमट हवेतली वाफ अवरक्त प्रकाश गिळून टाकते. महिनाअखेर परत ये, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो, असं वेधशाळेतल्या माझ्या प्राध्यापकांचं पत्र आलं होतं.

बाबांची हयात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या भाषेत ‘लाबो’त, आलेख काढण्यात गेली होती. एका दुपारी मी बाजारातून आले, तर ते ब्लेड आणि पेन्सिल घेऊन माझ्या टेबलाशी बसलेले. दोन गुंडाळ्यांवरची सगळी टोकं खरवडून त्यांनी रेघ सुबक जोडली होती. सोबती गेला, म्हातारा तारा एकटा उरला.

“हे काय केलंत?” मी ओरडलेच.

“लाबोत असं टोक आलं म्हंजे चूक. आमी काढून टाकायचे,” ते म्हणाले. मग खाली बघत, “बें, आसं बघ, काम हितंच झालं, तं तू कशाला जाशील?”

मला रडू आलं. त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला, कारण आता माझा पाय निघणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी जागा सोडत असल्याचं पत्र टाकलं. बाबांना खोटंच सांगितलं, नव्या गुंडाळ्या मागवल्यात, आल्या की दोघं मिळून मोजू.

पोस्टमन रोज दारावरून जायचा. गुंडाळ्या का आल्या नाहीत, हे बाबांनी मरेपर्यंत एकदाही विचारलं नाही.