तापलेल्या पत्र्यावर

तो मला एकदाच भेटला, डोंगरकडा नावाच्या गावात. मी तिथे नर्स होते आणि तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहत होते. एका संध्याकाळी वादळात पत्रे असे आदळले, की तिला पोटाशी धरून मी कोपऱ्यात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी घरमालकांनी छप्पर तपासायला त्याला पाठवलं.

पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. आत येऊन त्याने दार-खिडकी लावली आणि तो अंधारात वर बघत सावकाश फिरला. पत्र्यातून उजेड दिसला की तिथे काठीने टकटक करायचा. पाळण्यापाशी मात्र तो थबकला.

"बाई, आधी पाळणा बाजूला सरकवा. इथला पत्रा सुटेल हाय."

मी पाळणा सरकवल्यावरच तो बाहेर गेला. शिडीपाशी त्याने चपला काढल्या. मे महिन्याची दुपार, पत्रा तव्यासारखा तापलेला.

"अहो, पाय भाजतील. चपला घाला ना!"

"खाली लेकरू हाय नं," तो म्हणाला. "माणसाच्या डोक्यावर चपला घालून कसं चालावं?"

तासभर तो वर हूक आवळत होता. उतरल्यावर मी त्याच्या पायांवर बादलीभर पाणी ओतलं, तर तो लाजून मागे सरला. "एवढी तकलीफ काहून घेऊन राहिल्या, बाई?"

त्याच संध्याकाळी पुन्हा वारा सुटला. पत्रे थरथरले, पण एकही उचलला गेला नाही. लेक गाढ झोपली होती. त्या परक्या गावात आपली काळजी करणारं कुणीतरी आहे, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.