अकरा बटणांचा समुद्र

समुद्राला मीठ जास्त झालं, असं आजवर कुणी ऐकलेलं नाही. बॅटरीवाल्या काकूंनी ते करून दाखवलं. वीस लिटरच्या काचेच्या टाकीत, स्वतःच्या हातांनी, रोज संध्याकाळी दुकानाचं शटर ओढण्याआधी, अगदी निष्ठेने.

टाकी काउंटरच्या टोकाला ठेवलेली. दिव्याच्या उबेने तिचं पाणी रोज थोडं आटायचं. मग काकू बादलीत मोजून मीठ कालवायच्या, खारटपणा मोजायच्या मापकाचा काटा बघायच्या आणि आटलं तेवढं वरून घालायच्या. समुद्राचं आटलं, तर समुद्राचंच घालणार ना? बादलीतलं पाणी रोज मापात चोख असायचं. टाकीतलं मोजावं, हे मात्र तीन आठवडे सुचलं नाही. मग एका सोमवारी दोन गोगलगायी उताण्या पडलेल्या दिसल्या आणि दगडावरची अकराच्या अकरा बटणं मिटली.

बटणं म्हणजे जिवंत प्रवाळ. शर्टाच्या बटणाएवढी हिरवी तोंडं, कडेला झालर. खुशीत असली की उमलतात, बिनसलं की मुठी आवळून बसतात.

हा नाद काकूंना लागला तो रागातून. वर्षापूर्वी मासेवाल्याच्या दुकानात इन्व्हर्टरची बॅटरी बसवायला त्या गेल्या होत्या. तिथे कपाटाएवढी खाऱ्या पाण्याची टाकी होती. "केवढ्याला पडते हो ही?" एवढंच त्यांनी विचारलं. मासेवाला हसला. "काकू, ही हौस तुमच्या ऐपतीतली नव्हे. तुम्ही आपला गोड पाण्यातला एखादा मासा पाळा, बरणीत."

काकूंनी बॅटरी बसवली, तारा घट्ट केल्या आणि बाहेर पडताना मनाशी म्हणाल्या, बरणीत तू बस.

टाकी मिळाली ती कुणीतरी टाकून दिलेली. गळका कोपरा त्यांनी स्वतः सिलिकॉन भरून बुजवला. गाड्यांना लावतात त्या पांढऱ्या-निळ्या एलईडी पट्ट्या जोडून दिवा केला. विकत आणलं ते एवढंच: लहानसा पंप, मीठ, काट्याचं मापक आणि दगड. पुढचे पाच आठवडे दिवा बंद आणि टाकीत पाणी आणि दगड, दुसरं काही नाही. पाणी मुरावं लागतं. न दिसणारे जंतू दगडात वस्तीला येतात, घाण पचवू लागतात, तेव्हा कुठे जीव सोडता येतो. पण हे गिऱ्हाइकांना कोण सांगणार? दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या काकांनी तर ठेवणीतलं काढलं. "लोक कुत्रा पाळतात, आमच्या हिने दगड पाळलाय. भुंकत नाही, चावत नाही, खातो मात्र कुत्र्याहून जास्त."

सहाव्या आठवड्यात दोन गोगलगायी आल्या आणि बटणांचा सर्वांत लहान तुकडा. तो मासेवाल्याकडूनच, आणि तोही घासाघीस करून.

आणि आता ही गत. बातमी लागावी तसा मासेवाला त्याच सोमवारी बॅटरी दाखवायला आला. टाकीत वाकून बघत म्हणाला, "सांगितलं होतं. काढून टाका आता. टाकी देताय का? निम्मे पैसे देतो."

चूक काय झाली, हे काकूंना तसूभरही माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणून गप्प बसायचा त्यांचा स्वभाव नाही.

"शनिवारी या," त्या म्हणाल्या. "बटणं उघडलेली दिसली नाहीत, तर टाकी दिव्यासकट उचलून न्या. फुकट."

काकांचं शिलाई मशीन थांबलं. मासेवाला गेल्यावर ते हळूच म्हणाले, "अगं, निदान निम्मे तरी घ्यायचे होतेस."

"तुम्ही शिवा हो."

मंगळवारी दुपारी एक टेम्पोवाला मेलेली बॅटरी घेऊन आला. काकूंनी झाकणं काढली, आत डोकावल्या आणि त्यांचा पारा चढला.

"पाणी उतरलं की वरून काय घालत होतास?"

"अॅसिड, काकू. आत अॅसिडच असतं ना? मग तेच घातलं."

"अरे शहाण्या! पाणी उडतं, अॅसिड उडत नाही! ते तिथेच ठाण मांडून बसतं. त्यात तू रोज आणखी ओतणार, मग ते जहाल नाही होणार तर काय—"

काकू थांबल्या. हात तसाच वर. मान मात्र हळूहळू टाकीकडे वळली.

"बोल की," काका म्हणाले. "छान चाललं होतं."

वीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच ओरडून सांगत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे तर पाषाणही मिठात मुरलेला. त्यांनी टाकीत मापक बुडवलं तर काटा वरच्या टोकाला जाऊन अडकला.

नेमकं किती, ते कळायला दुसरं काही हवं होतं. ते दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे होतं. त्यांच्या दवाखान्याचा इन्व्हर्टर काकू सांभाळत, आणि तिथे वेटिंगरूममध्ये खाऱ्या पाण्याची टाकी होती. डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकून डोळ्याला लावायची नळी काढून दिली. "पैसेबिसे नकोत. तुमची बटणं वाढली की दोन मला द्या. आम्हा टाकीवाल्यांत असंच चालतं."

"जगली तर ना."

"जगवा मग."

लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ हवं तिथे एकोणपन्नास निघालं. एका झटक्यात उतरवलं तर उरलीसुरलीही जातील. म्हणून रोज दीड लिटर खारं पाणी काढायचं आणि तेवढंच बॅटरीचं पाणी, म्हणजे बिनमिठाचं डिस्टिल्ड, घालायचं. दुकानात त्याचे कॅन रचलेले होते, नाकासमोर, पहिल्या दिवसापासून. बुधवारी काही नाही. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी चार बटणं विरघळून दगडावर नुसता करडा डाग राहिला. काकांनी त्या दिवशी एकही विनोद केला नाही, यावरून काय ते समजा.

शनिवारी सकाळी एक झालर हलली. मासेवाला सोमवारी दाखवायची राहिलेली बॅटरी घेऊन आला तेव्हा सात उघडलेली होती.

"सातच?" तो म्हणाला.

"अकरा उघडतील असं कुठे म्हटलं होतं?"

"नशीब तुमचं."

"नशीब तुमच्याकडे असेल. आमच्याकडे बॅटरीचं पाणी आहे. तुमच्या बॅटरीत घालू का? तळाला गेलंय."

मासेवाल्याने बॅटरी पुढे केली.

सोमवारी काकू नळी परत करायला दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी हसून तळहात पुढे केला. "आणि माझी दोन?"

काकूंनी तळहातावर नळी ठेवली.

"सातच आहेत. एकही देणार नाही," त्या म्हणाल्या. "पण बुडवणार नाही. लिहून ठेवा कुठेतरी."