बसूच्या बोटीवर एक दिवस

अंदमानला जायचं ठरवलं माझ्या वडिलांनी. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. वय बहात्तर, उचगावात पाइप आणि पत्र्याचं दुकान. आयुष्यात सगळ्यात लांबचा प्रवास श्रीशैलचा. माझा धाकटा भाऊ बसू जाऊन वर्ष झालं, त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांचा मला सासरी, आजऱ्याला फोन आला. "बसू ज्या बेटांवर काम करत हुता, तिकडं जाऊन येऊया. तिकिटं काढ," एवढंच म्हणाले. मी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर बेत मोडला असता.

ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांच्यासाठी आधी कामाचं सांगते. कोल्हापूरहून बेंगळुरू आणि तिथून पोर्ट ब्लेअर असं विमान आम्ही घेतलं. आता त्या गावाचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाले अजून जुनंच नाव घेतात. तिकिटं दोन महिने आधी काढली म्हणून परवडली. तिथे सूर्य फार लवकर उगवतो आणि पाचच्या सुमाराला मावळायला लागतो, त्यामुळे फिरायचं ते सकाळीच. स्पीडबोटीची दिवसभराची तीन बेटांची सहल माणशी अडीच हजारांच्या आसपास पडली. मोठी फेरीबोट बरीच स्वस्त पडते, पण बसू स्पीडबोटीवर होता. त्याच्या बोटीचं नाव त्यानं मला फोनवर सांगितलेलं होतं, तीच आम्ही शोधून घेतली. कोणतं बेट कोणत्या वारी बंद असतं ते मात्र आधी विचारून घ्या.

बसू तिकडे गाइड होता. आठ वर्षं. पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधायचं, पाण्यात उतरवायचं, घाबरणाऱ्यांना धीर द्यायचा, पुन्हा मोजून बोटीत घ्यायचं. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून तो गेला, तेव्हापासून अप्पांनी पाहुण्यांत सांगून ठेवलं होतं, पोरगा बेंगळुरूला कंपनीत आहे. बोटीवर काम करतो, मासे खातो, हे आमच्या लिंगायत घरात बोलायची सोय नव्हती. अप्पांनी त्याला कधी फोन केला नाही. त्याचा आला तर आईकडे द्यायचे, आणि आई गेल्यावर वाजू द्यायचे.

मग त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि तो घरी आला. चार महिने अप्पांनी त्याचं सगळं केलं. दवाखान्याच्या रांगेत उभे राहिले, अंग पुसलं, हातानं पेज भरवली. पण बसू बेटांचं सांगायला लागला की ते म्हणायचे, "झोप आता. दमशील." त्यांना खरंच काळजी होती, हे मी शपथेवर सांगेन. तरीही त्यांनी ऐकलं नाही, हेही खरं.

सकाळी साडेसातला आम्ही जेट्टीवर पोचलो. अप्पांनी धोतर आणि पांढरा सदरा घातला होता, कपाळाला विभूती होती. वरून भगभगीत नारिंगी लाइफ जॅकेट. आमच्यासोबत नागपूरची एक नवी जोडी आणि चेन्नईचं सहा जणांचं कुटुंब होतं. बोट डुलत होती, त्यामुळे चढताना सगळेच घाबरत होते. बोट चालवणारा पन्नाशीचा, काळासावळा, अंगानं शिडशिडीत बंगाली माणूस एकेकाला हात देऊन आत घेत होता. त्याचं नाव निमाई, पण सगळे निमाईदा म्हणत होते. नागपूरची मुलगी पाय उचलेना, तेव्हा तो तिला म्हणाला,

"या की पावणं. बोट काय पळून जात न्हाय."

नागपूरकर हसले. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. तो 'न्हाय' बंगाल्याचा नव्हता. त्याच्या शेवटी जो आवाज जरा वर गेला, तो आमच्या गल्लीतला होता, आमच्या घरातला होता.

अप्पांना हात देताना निमाईदानं हिंदीत विचारलं, कुठून आलात. अप्पांनी कोल्हापूर सांगितलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याचा बोटीवरचा जोडीदार कोल्हापूरचाच होता म्हणे, उचगावचा, बसू नावाचा. हे सगळं मराठी त्यानंच शिकवलं. तब्येत बिघडली म्हणून गावी गेला तो गेलाच, फोन बंद आहे. तुम्ही ओळखता का त्याला?

बसूचा फोन अप्पांच्या कपाटात होता. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता, आणि तिकडे कुणाला कळवायला हवं हे आमच्या ध्यानातच आलं नाही. आमच्या लेखी तिकडे त्याचं कुणी नव्हतंच.

"न्हाय वळखत," अप्पा म्हणाले. "कोल्हापूर लय मोठं हाय."

आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले.

पहिलं बेट रॉस, आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. जेट्टीपासून काही मिनिटांवर आहे. इंग्रजांच्या काळातल्या विटांच्या भिंती उभ्या आहेत आणि त्यांना झाडांच्या मुळांनी असं कवटाळलंय, की भिंत झाडाला धरून आहे की झाड भिंतीला, सांगता येत नाही. हरणं अगदी जवळ येतात. चढ आहे, पण बॅटरीवरची गाडी मिळते, म्हाताऱ्या माणसांना ती घ्याच. अप्पांनी घेतली नाही. ते चालत राहिले आणि मी मागून.

पडक्या चर्चपाशी मी त्यांना गाठलं. खोटं का बोललात, असं विचारलं. माझा आवाज चढला होता. आयुष्यभर त्याला लपवलंत, आता त्याच्या बोटीवर बसूनही लपवता, असं मी बरंच काही बोलले. अप्पा एका पायरीवर टेकले. मग म्हणाले, "तोंडाला सवय लागलीया गं. विचार करायच्या आदीच निघालं."

मी त्यांच्याशेजारी बसले. पुढ्यात समुद्र इतका निळा होता की राग यावा.

दुसरं बेट नॉर्थ बे. मधल्या पट्ट्यात बोट चांगलीच आपटते. कंबरेचा त्रास असेल तर पुढे बसू नका, मागे इंजिनाजवळ धक्के कमी लागतात. प्रवाळ आणि मासे बघायचे ते इथेच. पाण्यात उतरायचं नसेल तर काचेच्या तळाची बोट आहे. अप्पा त्यात गेले, मी मास्क आणि नळी लावून स्नॉर्कलिंग करायचं ठरवलं. मला पोहता येत नाही. निमाईदानं बोट दुसऱ्या माणसाच्या ताब्यात दिली आणि माझी रबरी रिंग धरून स्वतः पाण्यात उतरला. माझा श्वास अडकत होता. त्यानं सांगितलं, घाबरलेल्या माणसाला बसू पोहायला शिकवायचा नाही, आधी नुसतं गप्प तरंगायला लावायचा आणि स्वतः शेजारी तरंगत त्याच्या गावच्या गोष्टी सांगायचा. लोक ऐकता ऐकता विसरायचे की आपण समुद्रात आहोत.

मी डोकं खाली घातलं. बरंचसं प्रवाळ राखाडी पडलेलं होतं, पण मधेच एखादा प्रवाळाचा जांभळा पंखा हलायचा आणि पिवळे मासे झुंडीनं माझ्या बोटांपर्यंत येऊन वळायचे. बसूनं हे मला फोनवर शंभरदा सांगितलं होतं आणि मी भाजी चिरत हो हो म्हणत ऐकलं होतं. मास्कमध्ये रडता येत नाही. काच धुरकटते आणि मग काहीच दिसत नाही. मला दोनदा वर यावं लागलं. खारं पाणी झोंबलं, असं मी निमाईदाला सांगितलं.

जेवण किनाऱ्यावरच्या झोपडीवजा टपऱ्यांत मिळतं. तळलेला मासा, भात, डाळ, शहाळी. शाकाहारी माणसांनी सोबत काही ठेवावं, डाळभातावरच भागवावं लागतं. आम्ही घरून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. अप्पांनी डबा उघडला. निमाईदा पलीकडे बसला होता. त्यानं चटणीकडे पाहिलं आणि लाजत विचारलं, थोडी मिळेल का. अप्पांनी अर्धी भाकरी मोडून तिच्यावर चटणी घालून दिली. तो सावकाश खात राहिला आणि मग आपणहून बोलायला लागला.

बसूकडे ही चटणी यायची. आजऱ्याचे काजूही यायचे, मोठं पार्सल. सगळ्या बोटवाल्यांना वाटायचा आणि सांगायचा, माझ्या अप्पांनी पाठवलेत. म्हणायचा, दर रविवारी अप्पांचा फोन येतो. दुकानात गल्ल्याच्या मागे त्यांनी माझा बोटीवरचा फोटो लावलाय, गिऱ्हाइकांना दाखवतात. एक दिवस ते इथं येणार आहेत, मी त्यांना पुढच्या बाकावर बसवणार आहे.

काजू मी पाठवत होते. माझ्या सासरी काजूचा कारखाना आहे. दुकानात गल्ल्याच्या मागे कॅलेंडर आहे. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी वाळूकडे. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. चेन्नईच्या आजींनी त्यांना खुणेनं विचारलं, तब्येत बरी आहे ना. त्यांनी मान हलवली.

तिसरं बेट वायपर. छोटंसं, टेकाडावर लाल पडकी इमारत, पूर्वी कैद्यांना फाशी द्यायची जागा. अर्धा तास मिळतो, सावली बेताची, पाणी सोबत घ्या. बाकीचे वर गेले. अप्पा जेट्टीवरच थांबले. निमाईदा बोटीचा दोर बांधत होता. अप्पांनी चप्पल काढली, अनवाणी त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. देवासमोर उभं राहावं तसे.

"बसू गेला," ते म्हणाले. "वर्स झालं. मी त्येचा बाप."

निमाईदाला शब्द कळले. दोर त्याच्या हातातून सुटला, तो त्यानं पुन्हा धरला, नीट गाठ मारली आणि मग खाली बसला. कधी, कशानं, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं. कुणी कळवलं का नाही, असंही त्यानं विचारलं.  आम्हाला माहीत नव्हतं तुम्ही आहात, एवढंच मी म्हणाले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुसत नव्हता.

अप्पा त्याच्याशेजारी बसले. "ते फोनचं," ते अडखळत म्हणाले, "रविवारचं. मी कंदी फोन केला न्हाय. एकदाबी न्हाय. फोटोबी न्हाय. त्यो तुला खोटं सांगत हुता."

निमाईदानं दोराची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग हिंदीत, हळू आवाजात म्हणाला, "सात वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, अप्पा. फोन या अक्काचा यायचा, हे मला माहीत होतं. तो सांगायचा, मी ऐकायचो. त्याला सांगताना बरं वाटायचं."

अप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बसू गेला त्या दिवशी ते रडले नव्हते. माती देताना, लोक भेटायला आले तेव्हा, कधीच नाही. वायपरच्या जेट्टीवर ते मोठ्यानं रडले. टेकाडावरून उतरणारी नागपूरची जोडी मधेच थांबली आणि पाठ फिरवून समुद्राकडे बघत उभी राहिली. त्या दोघांची मी अजून आभारी आहे.

परतीच्या वाटेवर निमाईदानं अप्पांना पुढच्या बाकावर बसवलं.  पाणी उडून त्यांचा सदरा भिजत होता. मी त्यांना मागे बोलावलं, पण ते तिथून हलले नाहीत.

घरी येऊन आता दोन महिने झाले. प्रवासानं मन हलकं होतं असं म्हणतात. आमचं झालं नाही. उलट अप्पांचं दुःख आता कुठे सुरू झालंय असं मला वाटतं. ते रोज दुपारी दुकान बंद करून मला फोन करतात आणि बसूबद्दल एक प्रश्न विचारतात. तिकडं पाऊस किती पडायचा. त्याचं अंथरूण खाली होतं का कॉटवर. वाढदिवसाला तो काय करायचा. जे मला माहीत असतं ते मी सांगते, नसतं ते निमाईदाला विचारून सांगते. त्या चार महिन्यांत समोरच्या खोलीत पडलेल्या माणसाला विचारता आलं असतं, हे आम्ही दोघंही बोलत नाही.

तुमच्या घरात असं कुणी लांब गेलेलं असेल तर तिकिटं त्या माणसाच्या हयातीत काढा. बेटं कुठे जात नाहीत.

काल अप्पांनी विचारलं, "पयल्यांदा समुद्रात उतरला तवा त्येला भ्या वाटलं असंल का गं?"

मी म्हणाले, मला माहीत नाही.

"त्या निमाईला इचार."

बसू पहिलं वर्ष दुसऱ्या बेटावर कामाला होता, अप्पा. निमाईदालाही माहीत नसणार.

 त्यांच्या मागे रस्त्यावरून ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला.

"बरं," म्हणाले, आणि ठेवला.