पाठवणीचा शेक

आमच्या प्राजूच्या लग्नाच्या व्हिडिओत नवरदेव चार मिनिटं दिसतो आणि आमची म्हैस अकरा मिनिटं.

व्हिडिओवाल्याचा काही दोष नाही. दोष माझा, आणि थोडाफार माझ्या वडिलांचा. आबांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवला. कोल्हापूरच्या आसपासचे निम्मे संसार माझ्या बापाच्या फुंकेवर सुरू झालेत. (ते पुढं कसे झाले, त्याची जबाबदारी आबा घेत नाहीत.)

आबांची खासियत म्हणजे शेक. एक उंच सूर धरायचा, फुंक अजिबात तोडायची नाही, आणि उजव्या हातानं ट्रंपेट ओठांवर बारीक बारीक मागंपुढं हलवायचा. तो सूर वर उडी मारतो, खाली येतो, परत वर जातो, आणि हे इतकं भरभर की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आबा पाठवणीच्या गाण्याचा शेवटचा सूर असा हलवायचे. तोवर धीर धरून उभी असलेली नवरीची आई तिथं हमखास कोसळायची! बँडमास्तर हळूच सांगायचा, "आबा, जरा लांबवा की. नवरीचा बाप अजून कोरडाच हाय."

माझ्या पाठवणीला आबांनीच वाजवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी शेक हलला नाही. म्हणजे हलला, पण हलायचा तसाच हलला! आणि मी गाडीत बसताना आबा म्हणाले, "सुरे, तुझ्या लेकीलाबी मीच वाटंला लावणार बघ."

पंचवीस वर्षं आबा ह्या एका वाक्यावर बसून होते. आई गेल्यापासून ते आमच्याकडंच, कसबा बावड्यात राहतात. माझ्या लेकीचं, प्राजूचं मलकापूरच्या मुलाशी ठरलं, आणि आबांनी माळ्यावरून ट्रंपेट उतरवून चिंच लावून लखलखीत घासला. पण मधल्या काळात त्यांचे पुढचे दात पडून कवळी आली होती, आणि ट्रंपेट ज्यावर टेकतो ते दातच आता आपले नव्हते. रविवारी सगळे जेवायला बसलेले, आबांनी उभं राहून ट्रंपेट लावला, छाती भरून फुंक मारली आणि शेक घ्यायला हात हलवला. ट्रंपेट राहिला हातात आणि कवळी गेली जावयाच्या तांबड्या रश्श्यात!

"मामा, वाटी बदलून आणू का?" ह्यांनी अदबीनं विचारलं.

आबा हसले नाहीत. कवळी धुतली, ट्रंपेट धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि खोलीत जाऊन बसले. दोन दिवस बोलले नाहीत. आबा गप्प म्हणजे आमच्या घरातला टीव्ही, रेडिओ आणि भांडण, तिन्ही एकदम बंद. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर ते भिंतीकडं तोंड करून पडलेले, आणि उजवा हात चादरीवर आपला बारीक बारीक हलतोय.

"आबा, मी वाजवतो की!" मी म्हणून बसले. (आम्ही कोल्हापूरच्या बायका 'वाजवते' म्हणत नाही. इथं सगळं जोरात, क्रियापदसुद्धा!)

आबा वळले. "तू? तुला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत न्हाईत."

"तीन महिने हायत की. शिकवा."

"अगं," हे दारातून म्हणाले, "लेकीचं लग्न लावायचं हाय, मोडायचं न्हाय!"

पण आबा उठून बसले होते. चहा प्यायले, आणि "साखर कमी हाय" असंही म्हणाले. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

पहिला महिना नुसता आवाज काढण्यात गेला. ओठ आवळून फुंकलं की सूर निघायला हवा. माझा निघायचा तो ह्यांच्या मोटारसायकलचा, तीही पुंगळी काढलेली! दिवाळी पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात. मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेली गाडी फडाफडा वाजवत पुढं, आणि म्हैस त्या आवाजामागं धावत. आमची मैना ह्यात एक नंबर. ह्यांनी तिला रेडकू असल्यापासून शिकवलंय: तो आवाज आला की धावत यायचं, मालकाच्या पाठीला नाक लावायचं, की पेंड मिळते. पाडव्याला आख्खा बावडा तिचं कौतुक करतो. माझं इतकं कौतुक माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात शेक सुरू झाला. "ओठ ढिला सोडू नगो, फुंक थांबवू नगो, हात नुसता सूप पाखडल्यागत हालव," आबांनी सांगितलं. मी पंचवीस वर्षं सूप पाखडतेय. पाखडलं! ट्रंपेट दातांवर खाडकन आपटला आणि वरचा ओठ भज्यासारखा फुगला.

"धान्य पाखडतीस का खडी?" आबा ओरडले.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेले तर शेजारच्या सुमनवहिनी माझ्या ओठाकडं बघून जवळ आल्या. "सुरेखा, काय झालंय गं?"

"काय न्हाय वहिनी. ट्रंपेट लागला."

"व्हय व्हय," त्या माझा हात दाबून म्हणाल्या. "आमी समजतो. तू एकटी न्हाईस."

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायका ह्यांच्याकडं डोळे वटारून बघू लागल्या! साखर कारखान्यात ह्यांच्या साहेबांनी बाजूला घेऊन "रागावर ताबा ठेवावा माणसानं" म्हणून अर्धा तास समजावलं. आयुष्यात माझ्यावर आवाज न चढवलेला माझा नवरा रडकुंडीला आला. घरी येऊन त्यांनी ट्रंपेट माझ्या हातात कोंबला आणि मला ओढतच अंगणात आणलं. (ते ओढणंही नेमकं सुमनवहिनींनी बघितलं.)

"वाजीव! हितंच वाजीव! सगळ्यास्नी कळू दे!"

मी वाजवलं. गल्ली जमली. सूर धरला, हात हलवला, ट्रंपेट आपटला, दुसरीकडून ओठ फुटला. मग सुमनवहिनी पुढं आल्या आणि ह्यांना हात जोडून म्हणाल्या, "भावजी, माफ करा. ह्ये तुमी रोज ऐकताय, आन तरी बोट लावलं न्हाय तिला. देवमाणूस हाय तुमी!"

नवरा निर्दोष सुटला, मला मात्र गोठ्यात हद्दपारी झाली. गल्लीचा एकमतानं निर्णय!

मग रोज सकाळी दूध काढून झालं की आबा पालथ्या बादलीवर, मी शेणाच्या पाटीशेजारी आणि मागं मैना. पहिल्याच दिवशी मी फुंकल्याबरोबर मैनेनं कान टवकारले. तिला वाटलं, पाडवा आला! दाव्याला हिसका मारून तिनं नाक माझ्या पाठीला लावलं. मी घाबरून मूठभर पेंड तिच्यापुढं टाकली, म्हणजे जरा गप्प बसेल. दुसऱ्या दिवशी परत तेच, परत पेंड. असं महिनाभर! हे शहाणपण दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. म्हशीच्या घरात माझा जन्म गेला, तरी आपण तिला काय शिकवतोय हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"बघ, म्हशीला ठेका कळतो," आबा म्हणायचे. "तुलाच कळत न्हाय."

गाणं हळूहळू बसलं. शेक मात्र शेवटपर्यंत आला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आबा माझ्याजवळ बसले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. साधा सूर लांब धर. बास हाय तेवढं." मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

लग्न घरापासून दोन गल्ल्या सोडून मोकळ्या जागेत मांडव घालून होतं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि पाठवणीची वेळ आली. बँडमास्तर आबांचाच जुना चेला, त्यानं बँड थांबवून मला पुढं बोलावलं. आबा फेटा बांधून पहिल्या खुर्चीत बसलेले, दोन्ही हात काठीवर. मलकापूरचे पाहुणे मोबाईल उंच धरून उभे. प्राजू गाडीच्या दाराशी माझ्याकडं बघत होती, आणि मी ट्रंपेट उचलला.

तीन महिन्यांत आबांनी मला सगळं शिकवलं होतं. एक सोडून. रडत रडत कसं वाजवायचं ते! रडणाऱ्या बाईचे ओठ आवळत नाहीत हो. आवळले तर नाक चोंदतं, नाक मोकळं केलं तर हुंदका येतो. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरी लंगडली. माझ्या लग्नात माझ्या बापानं हेच गाणं रडत रडत एक सूर न चुकवता वाजवलं होतं, आणि तो केवढ्या ताकदीचा माणूस होता हे मला पंचवीस वर्षांनी, त्या मांडवात कळलं. ते कळल्यावर तर मी आणखीच रडले.

शेवटचा उंच सूर आला. मी होतं नव्हतं ते बळ लावून फुंकलं. निघालं काय?

फर्रर्र-फट्-फट्-फर्रर्र!

नवरदेवाच्या काकांनी वळून बघितलं, कुणी गाडी चालू केली म्हणून. आबांनी डोळे मिटून घेतले. आणि मांडवामागून गलका उठला.

"म्हस! म्हस आली! सरका, सरका!"

मैना! गळ्यात दावं, दाव्याला उपटलेला खुंटा, आणि डोळ्यांत पाडवा! मठ्ठ्याचं पातेलं गेलं. फुलांची कमान शिंगांवर आली. मलकापूरचे व्याही "अयाई गं!" करत स्टेजवर चढले आणि थेट नवरीच्या खुर्चीत जाऊन बसले. हे मागून धावत ओरडत होते, "पळू नगा कुणी! ती काय करत न्हाय! पेंड पायजे तिला!"

ती खरंच कुणाला काही करत नव्हती. ती सरळ माझ्यामागं येऊन उभी राहिली आणि शिकवल्याप्रमाणं तिनं नाक माझ्या पाठीला लावलं. पेंड? मी शालू नेसलेली बाई, पेंड कुठून देऊ! तिनं आठवण करून दिली. एक धक्का. मग दुसरा. मग बारीक बारीक, भरभर धक्के. भीतीनं माझे ओठ घट्ट आवळलेले, भीतीनंच फुंक चालू राहिलेली, आणि मागच्या धक्क्यांनी हातातला ट्रंपेट ओठांवर मागंपुढं, मागंपुढं...

सूर उडाला! वर गेला, खाली आला, परत वर! काय शेक होता तो! मी वाजवत होते आणि मलाच काटा येत होता.

"सोडू नगो!" आबा काठी टाकून उभे राहिले. "फुंक सोडू नगो, सुरे! ह्योच! ह्योच माझा शेक!" इतक्या जोरात ओरडले की कवळी सुटली, आणि ती ह्यांनी वरच्यावर झेलली. (जावयाला आता सराव झाला होता.) बँडमास्तर रडायला लागला. सुमनवहिनी रडल्या. व्याही नवरीच्या खुर्चीत बसून फेट्याच्या टोकानं डोळे पुसत होते. आणि माझी प्राजू हसत हसत रडत धावत आली, आधी आबांच्या, मग माझ्या आणि मग मैनेच्या गळ्यात पडली. माझी लेक हसत सासरी गेली ह्याचं मला आजही समाधान वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात मी जरा ऐटीतच विचारलं, "काय आबा, जमला का न्हाय शेक?"

"जमला की. बेस जमला." आबांनी मैनेच्या पाठीवरून हात फिरवला. "हात लई चांगला हाय हिचा."

मी मनाला लावून घेतलं नाही. गुरू शिष्याचं तोंडावर कौतुक करत नाहीत, असं म्हणून मी रोजचा सराव चालू ठेवला. आणि गेल्या महिन्यात मलकापूरहून व्याह्यांचा फोन आला. त्यांच्या पुतणीचं लग्न ठरलंय, पाठवणीला तो शेक पाहिजेच म्हणाले. मी पदर सारखा करून फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे घरात सगळ्यांना ऐकू जाईल.

"येतो की पावणं!" मी म्हटलं. "कधी यायचं?"

"तुमी कशाला तरास घेताय, विहीणबाई," व्याही म्हणाले. "ट्रंपेटवाला हाय आमच्याकडं. तुमी फक्त मैनेला धाडा."