पाच दातांनंतर पिवळा

धाकटा भाऊ गेल्यावर ते एकेका ठिकाणी कागदोपत्री कळवणं माझ्याकडे आलं. बँक, गॅस एजन्सी, तो कामाला होता तो हिंगण्याचा कारखाना. प्रत्येक अर्जाला मृत्यूचा दाखला जोडलेला. या कामाची मला सवय आहे. पेन्शनच्या कचेरीत मी नोकरीभर हयातीचे दाखले तपासले. माणूस गेल्यावरही त्याला कागदावर जिवंत ठेवणारे नातेवाईक माझ्या टेबलासमोर उभे राहत, आणि मी त्यांच्याशी फार मऊपणे वागले असं म्हणता येणार नाही.

शेवटी राहिला तो कॉम्प्युटरवरचा खेळ. त्यात हरणं-जिंकणं नव्हतं. अनेक लोक एकाच मोठ्या जमिनीवर चौकोनी फरशा लावून घरं, अंगणं बांधत. भावाने आपल्या अंगणाभोवती आमचे वडील विणत त्या लुगड्यांचा करवती काठ, करवतीसारख्या दातांचा, फरशांनी उतरवला होता. वडील विणकर. विणलेलं सगळं व्यापाऱ्याकडे जायचं. घरात त्यांच्या हातचं एकही लुगडं उरलं नाही.

एकदा ड्यूटीवरून येऊन त्याने मला हाक मारली होती.

"ताई, इकडे ये वं. ओळख पाहू, काय हाय हे?"

मी पुस्तकातून मान वर केली. "छान आहे."

"छान नाही विचारून राहिलो मी. बरोबर हाय का?"

मी पान उलटलं.

तो गेल्यावर मी रोज संध्याकाळी तो खेळ उघडायची आणि त्याच्या बाहुल्याला अंगणात एक चक्कर मारून आणायची. पुढे एक दिवस वाटलं, गेलेल्या माणसाची मी रोज हजेरी लावते आहे. मी कंपनीला इंग्रजीत रीतसर अर्ज लिहिला, दाखला जोडला. वारसाचं नाव लावून मिळेल, असं कुठेतरी गृहीत धरलं असावं.

दोन दिवसांत नम्र उत्तर आलं. आपल्या दुःखात सहभागी आहोत. मात्र खातं दुसऱ्या कुणाला देता येत नाही, म्हणून बंद केलं आहे. तीस दिवसांनी जमीन मोकळी करून नव्या खेळाडूला दिली जाईल. खाली नियम जोडला होता: इथे बांधलेलं सारं कंपनीच्या मालकीचं.

त्या संध्याकाळी मी उघडायला गेले तर अंगण उघडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी भावाच्या खेळातल्या शेजाऱ्याचा फोन आला. हे गृहस्थ खापरखेड्याच्या वीज केंद्रात काम करतात. तेराव्याला घरी येऊन गेले होते.

"ताई, काहून कळवलं तुम्ही त्यायले?"

"खरं होतं ते कळवलं."

"अवो, खरं बँकेले सांगा! इथं कोण विचारून राहिलं होतं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "वर्षभर आमचं हेच भांडण चालू हाय. आमी बांधाचं अन् त्यायनं पुसाचं."

खेळाडूंचं म्हणणं, आपण बांधलेल्याची नक्कल आपल्याजवळ ठेवू द्या. कंपनीचं म्हणणं, नकला वाटल्या तर उद्या कुणीही हाच खेळ दुसऱ्या नावाने चालवेल. मला दोन्हींत तथ्य दिसलं. तसं बोलून दाखवल्यावर ते म्हणाले, "तुमचा भाऊ सांगे, आमची ताई दोन्हीकडून बोलते." कितीतरी दिवसांनी मी हसले.

सगळ्यांनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांची वाढ मिळाली, नियम तसाच राहिला. 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो, परंतु' अशी उत्तराची सुरुवात होती. खापरखेड्याचे गृहस्थ चिडले. मला मात्र उत्तर लिहिणाऱ्याचा राग येईना. हेच वाक्य मी किती विधवांना टेबलाच्या अलीकडून ऐकवलं होतं.

रविवारी ते आपला लॅपटॉप घेऊन घरी आले. आपल्या खात्यातून भावाच्या अंगणात जाऊन उभे राहिले. त्यांना तिथे चालता येत होतं, काही बदलता येत नव्हतं. मी आलेखाचा कागद आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसले.

"फोटो काढून देतो ना, ताई."

"काढा. पण मला मोजायचंय."

फोटोत अंगण तिरपं येत होतं. दात मोजायचे तर काठाच्या कडेनेच चालावं लागे. ते चालवत, मी चौकोन भरत होते.

"सगळीकडं सारखंच हाय," थोड्या वेळाने ते म्हणाले.

सारखं नव्हतं. दाराजवळ लाल करवतीच्या चार दातांनंतर एक पिवळा ठिपका होता. विहिरीकडे सहा दातांनंतर. एका कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीमागे, पाच दातांनंतर. तो तुकडा त्याने अर्ध्यावरच सोडला होता. त्याला नक्की ठाऊक नव्हतं. तो वेगवेगळं लावून पाहत होता.

लहानपणी मागाजवळ बसून कांड्या भरायचं काम माझं. सूत गुंडाळलेल्या कांड्या टोपलीत, मांडीवर पुस्तक. वडील विणता विणता हात पुढे करत आणि मी मान न उचलता पिवळी कांडी त्यांच्या हातावर ठेवायची. मला त्या हाताचा राग यायचा, कारण वाचता वाचता ओळ हरवायची. म्हणून मी मागाच्या फणीचे ठोके नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून काठावर उमटणारे दात मोजायला लागले होते. पाच झाले की बोट ओळीवर ठेवायचं आणि कांडी उचलायची.

भाऊ तेव्हा पाळण्यात होता. घरात हे विचारावं असं एकच माणूस उरलं होतं, मी, आणि भावाने मला विचारलं होतं.

"त्या कोपऱ्यात चला परत," मी म्हणाले. "पाच दातच बरोबर आहेत."

"पक्कं हाय ना?"

"पक्कं."

मुदत संपल्यावर त्यांनी फोन करून सांगितलं, तिथे आता नुसती हिरवी जमीन आहे. पाठवलेले फोटो माझ्याजवळ आहेत. आलेखावर मी कोपऱ्यातला काठ पुरा केला, दोन्ही टोकांना पोचेपर्यंत. खाली कचेरीच्या सवयीने सही आणि तारीख घातली, आणि सहीच्या वर लिहिलं: तपासले. कोपऱ्यातले बरोबर आहे.