निमकरकाकांचा चेहरा

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत भालचंद्र निमकरांना तोंडावर सगळे निमकरकाका म्हणतात आणि पाठीमागे ‘गॅझेटेड’. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, क्वार्टरही आता सुनेच्या नोकरीवर मिळालेलं. पण नाव चिकटलं ते चिकटलं. एके काळी साऱ्या वसाहतीच्या मार्कशिटांच्या नकला गॅझेटेड अधिकाऱ्याच्या सहीसाठी त्यांच्या दारात यायच्या. काका आधी मूळ कागद उजेडात धरून बघत, नक्कल ओळ न् ओळ ताडत आणि मगच हिरव्या शाईची सही. चारित्र्याचा दाखला हवा असेल, तर पोराला समोर बसवून घेत. एकाला म्हणे सतराचा पाढा म्हणायला लावला होता. चारित्र्याचा आणि पाढ्याचा संबंध काय, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

पुढे सरकारनंच सांगितलं, आपापल्या नकलेवर ज्याची त्यानं सही करावी. काकांच्या दारची बेल थंडावली, हिरवं पेन कपाटात वाळलं. उरला तो नोव्हेंबरातला पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला, आणि तोही मोबाइलवर आला. सातवीतली नात अवनी मोबाइल धरायची, काका स्वेटर चढवून, भांग पाडून समोर बसायचे आणि सांगितलं की डोळे मिचकावायचे. तेवढ्यावर सरकारची खात्री पटायची, की निमकर आहेत.

म्हणूनच उन्हाळ्याच्या सुट्टीत अवनी टॅब घेऊन आली आणि म्हणाली, “आजोबा, जरा चेहरा द्या ना,” तेव्हा त्यांना काही वावगं वाटलं नाही.

“आज कोणाला पुरावा हवाय मी जिवंत असल्याचा?”

“तसं नाही हो. ते गेम्सचं ऑनलाइन दुकान आहे ना, त्यांनी नवीन रूल काढलाय. कुठल्या कुठल्या देशांत कायदे झालेत म्हणे. आता मोठ्या माणसाचा चेहरा दिल्याशिवाय मैत्रिणींशी चॅट बंद. माझं शेत आहे त्यात. दोन म्हशीसुद्धा आहेत.”

काकांना गोष्ट एकदम पटली. लहान पोरासाठी जाणत्या माणसानं उभं राहायचं, ‘ह्याला मी व्यक्तिशः ओळखतो’ म्हणायचं. म्हणजे साक्षांकनच की. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, डोळे मिचकावले. पडद्यावर खूण उमटली, आणि ती नेमकी हिरवी. म्हातारा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला.

अशा गोष्टी वसाहतीत लपतात थोड्याच. दुसऱ्या दिवशीपासून बागेतल्या बाकाजवळ पोरं जमायला लागली. समोरच्या ब्लॉकमधल्या विजयालक्ष्मीबाईंचा केतन सगळ्यांत पुढे. काकांनी कोणाला फुकट चेहरा दिला नाही. वडील कुठल्या मंत्रालयात, गणितात किती, रोज आंघोळ करतोस का, अशी सगळी चौकशी करून मगच मान वळवायची. फक्त एक राहून गेलं. आयुष्यभर मूळ कागद बघितल्याशिवाय सही न केलेल्या ह्या माणसानं, ते दुकान काय आहे, हे एकदाही उघडून बघितलं नाही.

गणपती जवळ आले तोवर निम्म्या वसाहतीची पोरं निमकरकाकांच्या तोंडावर खेळत होती. विजयालक्ष्मीबाई मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. त्या येऊन म्हणाल्या, “काका, यंदा ‘मुलं आणि मोबाइल’ ह्या विषयावर तुम्हीच बोला. बिल्कुल नाही म्हणायचं नाही. पोरं तुमच्याशिवाय कोणाचं ऐकतात?” काकांनी कागदावर भाषण लिहायला घेतलं. त्यात ‘संस्कार’ हा शब्द सात-आठ वेळा तरी होता.

भाषणाच्या आदल्या दुपारी अवनी आली आणि टॅब टेबलावर पालथा ठेवून म्हणाली, “आजोबा, हे बंद करा ना. मला घाण वाटतंय.”

“काय आहे?”

“तुम्हीच बघा. मी परत नाही बघणार.”

काकांनी चष्मा लावला आणि टॅब सुलटा केला. अवनीच्या शेताच्या शेजारीच, केक भाजायच्या खेळाला लागून, बायकांची चित्रं मांडली होती. काय अवस्थेत, ते मी लिहिणार नाही. काकांनीही कधी कोणाला सांगितलं नाही. एवढंच सांगतो, की त्या खेळांत बाईला काय काय करायला लावता येतं, त्याची जाहिरात होती, सणानिमित्त अर्ध्या किमतीत, खाली गिऱ्हाइकांनी दिलेले तारे, आणि वर प्रेमानं लिहिलं होतं: तुम्हाला हेही आवडेल. दुधाच्या बूथवर, पिशव्यांच्या मधोमध, कोणी मेलेली घूस टांगून ठेवावी आणि तिला झालर लावावी, तसं ते दिसत होतं.

संध्याकाळी सून वृंदा ऑफिसातून आली. तिनं चहासुद्धा न घेता दुकानाचे नियम शेवटपर्यंत वाचले.

“बाबा, तुम्ही हिची हमी नाही घेतलीत. ह्यांच्या दृष्टीनं अवनी नाहीच. हे खातं सत्तरीच्या एका गृहस्थाचं आहे. त्या गृहस्थाला काय आवडेल, ते दाखवतायत.”

“मग हिचं वय खरं काय ते कळवू.”

वृंदानं शोधलं. लहानाचं मोठं व्हायला दोनदा मान वळवणं पुरत होतं. मोठ्याचं लहान व्हायची सोयच नव्हती. काकांनी तक्रारीच्या खिडकीत रीतसर अर्ज लिहिला, ‘सविनय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत. लगेच उत्तर आलं, पडताळणीबद्दल आभार, आमची सेवा कशी वाटली?

ही चाल काकांच्या ओळखीची होती. फाइलवर दुसऱ्या कोणाची तरी सही घेऊन ठेवायची, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर आपण मोकळे. नॉर्थ ब्लॉकपासून शास्त्री भवनापर्यंत त्यांनी हीच चाल बघितली होती. पण तिथं निदान फाइलीत रस्ते आणि पूल असायचे.

“पोरांना राखायला नव्हता घेतला माझा चेहरा,” ते म्हणाले. “ह्यांना हात पुसायला फडकं हवं होतं.”

वृंदा हळूच म्हणाली, “बाकीच्या आईबापांना मी मेसेज टाकते. तुमचं नाव नको. उद्या भाषण आहे तुमचं.”

काकांनी न्हाणीघरात जाऊन, उष्टं तोंड धुवावं तसं, साबण लावून तोंड धुतलं. थोड्या वेळानं परत एकदा धुतलं.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर ते उभे राहिले, तेव्हा हातात कागद नव्हता. “तुमच्या पोरांच्या टॅबवर जी गटारगंगा वाहते आहे, तिच्या दारावर माझं तोंड आहे,” ते म्हणाले. “मी मूळ न बघता सही केली. आज घरी जाऊन ती खाती पुसून टाका. आणि पुसायच्या आधी एकदा स्वतः उघडून बघा, म्हणजे मी काय केलं ते कळेल.”

केतन तेवढ्यात चपला शोधायला लागला होता. विजयालक्ष्मीबाईंनी त्याची कॉलर धरली. अवनीनं त्या रात्री आपलं शेत म्हशींसकट पुसलं.

पुढे काय होणार, वसाहतच ती. ‘गॅझेटेड’ जाऊन ‘गटारगंगा’ आलं. काही आयांनी नमस्कार थांबवला. भाजीच्या ठेल्यावर विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या, “बघितलं मी ते. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण काय हो, म्हाताऱ्याला खरंच माहीत नसेल?” हे त्यांनी मला सांगितलं, आणि मी तुम्हाला सांगतोय, म्हणजे बाईंनी किती जणांना सांगितलं असेल, ते बघा.

नोव्हेंबर आला. काकांनी स्वेटर चढवला, भांग पाडला आणि चालत बँकेत जाऊन म्हाताऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. खिडकीतली मुलगी म्हणाली, “अंकल, इतनी दूर क्यों आए? घर बैठे हो जाता है, मोबाइल को चेहरा दिखाइए बस.”

“बेटा, वो चेहरा जूठा हो गया है,” काका म्हणाले. “तुम अपनी आँखों से देख लो. ज़िंदा हूँ.”